घरून पास

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते आणि मनात अरे-तुरे. इथे मनातलं लिहायचं आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. कुणाला खटकलं तर खटकू दे.

तो टॉवेलांची आणि चादरींची डिझाइनं करतो. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर आहे, आणि त्याच्यासमोर बसून तो दिवसभर बारीक बारीक चौकटी भरत असतो. कारखानदार, म्हणजे आमच्या बोलण्यात पार्टी, येतात, काय हवं ते सांगतात, हा काढून देतो, आणि मग ते मागावर चढतं. सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली अशी आहे की सकाळी दार उघडलं की मागांचा खडखडाट घरात येतो आणि माणसं एकमेकांशी मुळातच मोठ्यांदा बोलतात. मी मंगळवेढ्याची. काळ्या रानातली ज्वारी सोडली तर मला दुसरं काही कळत नव्हतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा ताणा म्हणजे उभं सूत आणि बाणा म्हणजे आडवं, हेही मी सासूबाईंना विचारून घेतलं होतं.

पण रंग मला कळत होते. का, ते विचारू नका. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो सुताच्या रंगांचं कार्ड पुढ्यात पसरून बसला होता, मी चहा ठेवायला गेले आणि सहज म्हणाले, "हा राखाडी काढा की. बाकीच्यांचा जीव घेतोय." त्याने काढला. ती चादर इतकी चालली की पार्टीने घरी येऊन विचारलं, रंग कुणी केले? त्या दिवसापासून डिझाइन त्याचं आणि रंग माझे, असं ठरूनच गेलं. रेघा मारून झाल्या की तो आतल्या दिशेने हाक मारायचा, "रंग सांग गं." मी हात पुसत यायची, त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि सांगायची. बाजारातही हे सगळ्यांना माहीत झालं. डिझाइन बघितल्यावर व्यापारी पहिल्यांदा विचारायचे, "रंग वहिनींना दाखवलेत ना?" तो हसून हो म्हणायचा.

घरातली बाकी कामं कुणीही करावीत अशीच असतात. भाकरी थापायला बाई मिळते, धुण्याला मशीन मिळतं. रंग मात्र एकट्या माझे होते. म्हणून पुढे जे झालं त्याने माझ्या पोटात एवढं दुखलं, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी भीती डिझाइन फुटण्याची. नवीन डिझाइन मागावर चढायच्या आत दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं, की तो तेच हलक्या सुतात काढतो आणि आपल्या आधी बाजारात आणतो. पूर्वी कागद कपाटात कुलूप लावून ठेवायचे. आता सगळं फोनवर चालतं, म्हणून पार्ट्यांनीच सांगायला सुरुवात केली की टायमर लावा. मेसेज गेला, वाचला आणि दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसा झाला पाहिजे. फोटो तर एकदाच उघडतो. बघितला की संपला. आमच्या पुण्याला शिकणाऱ्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत बापाच्या फोनवर सगळ्या पार्ट्यांना टायमर लावून दिला. तेव्हा मी शेजारी बसून चकल्या खात होते आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं.

मग मॅडम आल्या. गल्लीपलीकडच्या एका जुन्या टॉवेल कारखान्याच्या सूनबाई. घर तेलुगू बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्या विणकामातलं. सासरे थकल्यावर हिने कारखाना हातात घेतला आणि म्हणे नीट चालवून दाखवला. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मला वाकून नमस्कार करायला लागली. वयाने जेमतेम पाच-सहा वर्षांनी लहान असेल! मी म्हटलं, "अहो, असू द्या, असू द्या." नवऱ्याला ती सर म्हणते. आमच्या घरात त्याला आजवर कुणी सर म्हटलेलं नव्हतं. त्याची मान त्या दिवशी जरा उंच झाली, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं.

तिच्या पहिल्या डिझाइनला मी हात पुसून तयार होते. हाक आलीच नाही. शेवटी मीच पुढच्या खोलीत गेले तर याने पडद्यावर दुसरंच काही उघडलं.

"रंग?" मी विचारलं.

"रंग मॅडमनी ठरवलेत," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"बरं," म्हणून मी आत आले आणि कणीक अशी मळली की हात दुखायला लागले.

पुढचं डिझाइन, तेच. त्याच्या पुढचं, तेच. इतर पार्ट्यांचे रंग तो विचारायचा, पण ते लहानसहान काम असायचं, रुमाल, नॅपकिन. मोठं सगळं मॅडमचं, आणि मॅडमचे रंग मॅडमचे. मला कळेना, बाईला एवढी रंगांची जाण होती तर आधीच्या त्यांच्या टॉवेलांवर तो पेंगुळलेला निळा वर्षानुवर्षं कसा काय होता? पण हे बोलायचं कुणाजवळ?

त्यात फोन. डिझाइन पाठवलं की हा गडी फोन हातात धरून बसायचा. टिंग वाजलं की वाचायचा आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसायचा. ते हसू मला माहीत आहे. लग्नाआधी आम्ही एकदा सिद्धेश्वराच्या तळ्यावर भेटलो होतो, बरोबर माझी मावशी होती, तेव्हा तो तसं हसला होता. त्यानंतर माझ्या वाट्याला ते फारसं आलं नाही. आता दर दोन-चार दिवसांनी ते त्या चौकोनी काचेच्या वाट्याला येत होतं. वाचून झालं की फोन पालथा. आंघोळीला जाताना फोन फ्रीजवर, आणि तोही पालथा.

मी बघितला. का बघू नये? त्याचा पासवर्ड म्हणजे आमच्या मुलीची जन्मतारीख, ते काही कुलूप नव्हे. तो बाथरूममध्ये गेला की मी मॅडमचं पान उघडायची. आणि तिथे काय असायचं? काही नाही. वर एक ओळ, की या गप्पांतले मेसेज नाहीसे होतात. खाली, फोटो उघडला. फोटो उघडला. फोटो उघडला. उघडणाऱ्याने उघडला, मला काय? एखाद्या घरात खूप माणसं जेवून गेली आहेत आणि आपण पोचतो तेव्हा नुसती धुतलेली ताटं दिसतात, तसं ते पान.

मग मी आमचं पान उघडायची, माझं आणि त्याचं. त्याला टायमर नव्हता. वर्षानुवर्षांचं सगळं जसंच्या तसं. येताना कोथिंबीर. गॅसवाला आला होता का. आईचं औषध संपलंय. कुठे आहात. येतोय. पोचलो. अंगठा. परत अंगठा. एवढं सगळं जपून ठेवलेलं, आणि त्यात एक ओळ अशी नाही की जी कुणाला दिसली तर आमची अडचण होईल. मला इतका राग आला की विचारू नका. माझ्यापासून लपवतो म्हणून राग होताच. पण माझ्याबरोबर मिळून दुसऱ्यांपासून लपवावं असं त्याच्याकडे काहीच नाही, हे जास्त झोंबलं.

एकदाच मला एक ओळ सापडली. मॅडमची. "खूप सुंदर, सर. मनापासून आभार." बास. त्याच्या वरचं गेलेलं, कारण ते एक दिवस आधीचं. मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की बाथरूममधला नळ बंद झालेलाही ऐकू आला नाही. कसला सुंदर? कशाबद्दल आभार? दुसऱ्या दिवशी ती ओळही गेली. रागाने विचारावं तर हातात काय? जेवताना मी म्हटलं, "परवा मॅडमनी तुमचे आभार मानले, ते कशाबद्दल?" तो घास गिळून म्हणाला, "मानले का? डिझाइनबद्दल असतील." आणि चटणी मागितली. मी वाचलं होतं की स्वप्नात बघितलं होतं, अशी माझीच मला शंका यायला लागली.

मुलीला फोन केला. आडून आडून विचारलं, की असे पुसले जाणारे मेसेज माणसं कशाला पाठवतात गं? ती म्हणाली, "आई, सगळेच पाठवतात. फोनमध्ये जागा भरते." मग मी बघितलं तर तिच्या आणि माझ्या मेसेजांनाही तिने टायमर लावलेला. म्हणजे मी तिच्या जागा भरण्यात जमा.

उन्हाळ्यात मॅडमच्या एका मोठ्या टॉवेलाचं सॅम्पल आलं. सॅम्पल म्हणजे मागावरून उतरलेला पहिला तुकडा. आमच्या घरातली रीत अशी की सॅम्पल आठ-दहा दिवस अंगाला वापरायचं. पाणी किती पितं, धुतल्यावर रंग जातो का, कडक पडतं का, हे वापरल्याशिवाय कळत नाही. तसं आमच्या घरात कुणी कधी धड दुकानातून घेतलेल्या टॉवेलने अंग पुसलेलंच नाही. आणि ते सॅम्पल वाळत घालायचं काम माझं. मी ते कायम मधल्या खोलीतल्या दोरीवर, पंख्याखाली घालायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण आपल्या गल्लीत कुणाची नजर कशी आहे, हे मला ठाऊक होतं.

हे सॅम्पल त्याने घरात आणलं, पिशवीतून काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

मधला रंग गडद, जांभळ्याकडे झुकणारा तपकिरी. त्यावर कोवळ्या हरभऱ्याचा हिरवा. आणि काठाला एकच शेंदरी रेघ, तीही बारीक. मी बघत राहिले. तो हिरवा त्या तपकिरीवर मी कधी ठेवला नसता. मला वाटलं असतं, मळेल, बुडेल. बुडत नव्हता. ती शेंदरी रेघ त्याला वर धरून ठेवत होती. रंगांतलं कळतं म्हणून तर त्रास. कळत नसतं तर म्हटलं असतं, टॉवेल आहे, छान आहे, आणि भाजी चिरायला गेले असते.

"कसा झालाय?" त्याने विचारलं. आवाज जरा जास्तच बेफिकीर होता.

"मॅडमना विचारा," मी म्हटलं. "रंग त्यांचे."

तो टॉवेल मी हातात घेतला नाही. तो आंघोळीला घेऊन गेला, घेऊन आला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. मी त्याला शिवले नाही. ज्यांचा टॉवेल त्यांनी वाळत घालावा, असं ठरवूनच टाकलं. बाकीचं सगळं धुणं गच्चीवर घालायची आणि ते तेवढं ओलं लोळत ठेवायची. दोन दिवसांनी तो आपला आपणच वाळत घालायला लागला. आठ-दहा दिवस उलटले तरी त्याने ते वापरणं सोडलं नाही. कुठे घालतो ते मी बघितलंही नाही. माझं लक्ष फ्रीजवर होतं.

मग महिन्याभराने एके दिवशी मैंदर्गीहून माझा मामा आला. अक्कलकोटच्या एसटीने, उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. शेती आणि आठवड्याचा बाजार यापलीकडे मामाला जग नाही. आल्या आल्या खाटेवर बसला, डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. पाण्याचा तांब्या घेऊन मी आले आणि तांब्या माझ्या हातातच राहिला. गडद तपकिरी, हरभऱ्याचा हिरवा, काठाला शेंदरी.

नवरा पुढच्या खोलीतून मामाला नमस्कार करायला आला होता. तोही तिथेच थबकला.

"मामा, हा टॉवेल कुठला?" त्याने विचारलं.

"आमच्या बाजारात घेतला की. का ओ? लई झाक हाय. ढीग पडला होता, मानसं नुसती उड्या टाकत होती."

नवऱ्याने टॉवेल हातात घेतला, उलटा केला, काठ नखाने उसवून बघितला. सूत हलकं होतं, पण डिझाइन तेच. मॅडमचा माल अजून मागावरच होता, बाजारात यायला अवकाश होता. त्याचा चेहरा एवढासा झाला. त्याने टॉवेल मामाला परत दिला, "छान आहे" म्हणाला आणि मला डोळ्यांनी आत यायला सांगितलं.

स्वयंपाकघरात त्याने दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "फोटो कुणाला पाठवलास?"

मला आधी कळलंच नाही. "कसला फोटो?"

"सॅम्पलचा. नाहीतर फोनवरचा. तुझ्या माहेरच्या ग्रुपवर वगैरे. सहज टाकला असशील, मी रागावणार नाही."

"मी?" माझा आवाज चढला. "मला तुम्ही दाखवता तरी का काही?"

"तू माझा फोन बघतेस. मी आंघोळीला गेलो की. मला माहीत आहे."

माहीत होतं त्याला! माहीत असून महिनोन्‌महिने आंघोळीला जात होता, फोन फ्रीजवर पालथा ठेवून. मला शरम वाटायला हवी होती, पण शरमेला जागाच उरली नव्हती, इतका राग भरला होता. "मग मॅडमना विचारा," मी म्हटलं. "त्यांच्याकडूनही फुटलं असेल. त्यांच्या कारखान्यात काय माणसं कमी आहेत?"

"त्या स्वतःचंच डिझाइन कशाला फोडतील?"

"आणि मी तुमचं कशाला फोडीन?"

तो म्हणाला, "तुला आवडत नाहीत त्या."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. इतकी वर्षं ज्या हातांनी त्याची सॅम्पलं पंख्याखाली वाळवली, त्या हातांवर त्याने पहिला संशय घेतला. तिला फोन करून एका शब्दाने विचारायच्या आधी मला आत बोलावून विचारलं. संशयाच्या रांगेत तिच्या पुढे माझा नंबर. मी तोंड उघडलं होतं, आणि काय बोलले असते ते बरं नव्हतं. तेवढ्यात बाहेरून मामाची हाक आली.

"जावईबापू! ओ जावईबापू! हितं या की जरा."

आम्ही दोघं बाहेर गेलो. मामा गॅलरीत उभा होता, पान थुंकायला गेला असावा. हाताने वर दाखवत होता. "ह्ये बगा, तुमच्या दोरीवर बी तसलाच टावेल हाय. व्हय? म्या उगाच इकत घेतला. तुमाला फुकट मिळतोय."

गॅलरीतली दोरी रस्त्यावर येते. खालच्या दोन घरांत माग आहेत, समोरच्या घरात डिझाइनचे दलाल येऊन बसतात. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ते सॅम्पल, ऐसपैस पसरून, दोन्ही टोकांना चिमटे लावून, काठाची शेंदरी रेघ रस्त्याच्या बाजूला करून रोज वाळत होतं. त्यानेच घातलेलं. आमच्या गल्लीत टॉवेलाकडे एक नजर टाकून कागदावर उतरवणारी माणसं आहेत, आणि याने त्यांना अख्खा महिना दिला होता.

"टायमर लावला होता ना?" मी म्हटलं. मामासमोरच म्हटलं.

त्याने चिमटे काढले, टॉवेल घडी करून काखेत मारला आणि खाली मान घालून आत गेला. माझी माफी मागितली नाही. मीही त्याची वाट बघत होते असं त्याला कळू दिलं नाही. मामाला जेवायला वाढलं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली आणि एसटीला पोचवायला नवऱ्यालाच पाठवलं.

संध्याकाळी मॅडम आल्या. याने फोन करून सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं, बाई आता याला धुवून काढेल आणि मी आतून ऐकेन. त्यासाठी मी मिक्सरही लावला नव्हता. पण ती आली ती थेट स्वयंपाकघरात, माझ्याकडे.

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "आमच्या घरीही असं झालंय. सासऱ्यांनी एकदा नवीन चादर लग्नात पांघरायला दिली होती."

"मी कशाला मनाला लावून घेऊ?" मी चहा टाकला.

तिने माझ्या हातून कप घेतले आणि आम्ही पुढच्या खोलीत बसलो. नवरा खुर्चीत, कॉम्प्युटरकडे पाठ करून. ती म्हणाली, "कॉपी झाली म्हणजे चीज चांगलीच होती, सर. दुसरं करू. मला वाईट फक्त रंगांचं वाटतं. वहिनी, तुम्ही पास केले म्हणून मी डोळे मिटून सूत रंगवायला दिलं. सासरे म्हणत होते, तपकिरीवर हा हिरवा चालायचा नाही. मी म्हटलं, वहिनींनी बघितलंय."

मी कप खाली ठेवला. "मी?"

"प्रत्येक वेळी विचारते ना मी सरांना, वहिनींना दाखवलं का म्हणून. त्याशिवाय मी पुढे जातच नाही. घरून पास, असं सर लिहितात, मग मी कारखान्यात सांगते." ती हसली. "आणि ह्या वेळी तर तुम्ही जे म्हणालात ना, ते मी आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवलं."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"काय म्हणाले होते मी?" मी विचारलं.

"असं काय! 'बायको म्हणते, रंग ह्या वेळी तुम्ही मला न विचारता केलेत ते बरं झालं. असे मलाही सुचले नसते.'" तिला ते पाठ होतं. "वहिनी, एवढं मोठं मन लागतं. आयुष्यभर आपण जे करत आलो ते आपल्या माणसाने केलं आणि आपण असं म्हणायचं! मला माझ्या जावेबद्दल असलं एक वाक्य बोलता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना लिहिलं, खूप सुंदर, मनापासून आभार. पोचलं का तुमच्यापर्यंत?"

पोचलं होतं. मी काय करणार? घरी आलेल्या बाईपुढे आपल्या नवऱ्याला उघडं पाडायचं? "हो," मी म्हटलं. "सांगितलं त्यांनी." आणि चहात अजून साखर हवी का विचारलं.

ती गेल्यावर मी दार लावून परत तिथेच येऊन बसले.

"म्हणजे रंग त्यांचे नव्हते," मी म्हटलं.

"नाही."

"एकाही डिझाइनचे?"

"एकाही." तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "बाजारात काय म्हणतात माहीत आहे का तुला? डिझाइन याचं असतं, पण माल विकतो तो हिच्या रंगांवर. तोंडावर म्हणतात, हसत हसत. इतकी वर्षं मीही हसलो. एकदा तरी बघायचं होतं, की तुझ्याशिवाय जमतं का."

"मग तसं मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू येऊन बघितलं असतंस. एक तरी रंग बदलला असतास. मग झालंच की तुझं."

बदलला असता. तो हिरवा मी काढलाच असता.

"आणि त्यांना माझं नाव कशाला?"

"तू पास केलंस म्हटल्याशिवाय त्या घेतच नव्हत्या," तो म्हणाला. "आणि लिहिताना बरं वाटायचं. तू म्हणालीस असं."

म्हणजे मी जिच्यावर जळत होते तिचा काही संबंधच नव्हता. फोन हातात धरून तो ओठांच्या कोपऱ्यात हसायचा, ते तिचं उत्तर वाचून नाही. माझ्या नावाने आलेली शाबासकी वाचून. ती त्यानेच लिहिली होती, तिने नुसती पोच दिली होती. मला वाटत होतं माझी जागा एका बाईने घेतली. बाईचं एक वेळ सोसलं असतं. बाईवर दात-ओठ खाता येतात, गल्लीत चार जणींना सांगता येतं. याने घेतली होती. हे कुणाला सांगणार, आणि सांगून काय सांगणार, की माझ्या नवऱ्याला रंग कळायला लागले म्हणून माझा जीव जळतोय?

"दाखवा मला," मी म्हटलं. "काय काय लिहिलंत माझ्या नावाने, ते सगळं."

त्याने फोन पुढे केला. "गेलं ते. त्यांच्याकडचंही गेलं असणार."

घडी केलेला टॉवेल टेबलावर होता. मी उलगडला. ट्यूबच्या उजेडात त्यात काहीतरी दोष सापडेल असं वाटलं होतं. सापडला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं, कारण आजवर खुर्चीमागे मी उभी असायची.

"खरं सांग ना," तो म्हणाला. "कसे झालेत?"

असे मलाही सुचले नसते. माझ्या तोंडी घातलेलं ते वाक्य अक्षर न्‌ अक्षर खरं होतं. आता ते त्याच्या फोनवर नव्हतं आणि तिच्याही नव्हतं, आणि माझ्याकडून ते त्याला मिळणार नव्हतं.

"बरे झालेत," मी म्हटलं आणि कप उचलून आत गेले.